रिकाम्या जात्याचा आवाज

विहारातून सरजाबाई घरी आल्या तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, आणि बैठकीच्या भिंतीवर अण्णांची चादर ताणून बांधलेली होती. चारी टोकांना सुतळी, उजवीकडे खाली एक ठिगळ. ते ठिगळ त्यांच्याच हातचं. चार वर्षांपूर्वी, अण्णा जायच्या आधीच्या हिवाळ्यात लावलेलं.

"माय, आलीस? ये, बस. पहिला पिक्चर लावूनच राहिलो," व्यंकटी स्टुलावर उभा राहून प्रोजेक्टरची वायर खोचत म्हणाला. मोटार वाइंडिंगच्या दुकानाला आज सुट्टी होती, पण हातातला टेस्टर काही सुटला नव्हता.

सरजाबाई उंबऱ्यावरच थांबल्या. "व्यंकटी, आज काय हाय?"

"आयतवार."

"आणिक?"

व्यंकटीनं आठवून बघितलं. तेवढ्यात महामाया चहाचे कप घेऊन आतून आली, सासूच्या अंगावरचं पांढरं लुगडं बघितलं आणि कप तसेच धरून उभी राहिली.

"अग्गं माय! पौर्णिमा!"

पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या आदर्शनं जीभ चावली. तारीख त्यानंच ठरवली होती. नांदेडहून घरच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, सगळ्यांनी 'चालेल' म्हणून कळवलं. सरजाबाईंच्या साध्या फोनवर तो ग्रुप नव्हता, आणि कॅलेंडर कुणीच बघितलं नव्हतं.

पौर्णिमेला सरजाबाई अष्टशील घेत. दुपारी बारानंतर अन्न नाही, उंच आसन नाही. नाच-गाणं, वाजवणं, खेळतमाशे बघणं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. अकरा वर्षांत एकही पौर्णिमा चुकली नव्हती. अण्णा गेले त्या महिन्यातलीसुद्धा.

"आजी, मी चुकलो," आदर्श उठून जवळ आला. "पुढच्या रविवारी ठेवू."

"पुढच्या रविवारी अण्णांचा दिवस हाय, बाळा. गावात चादर लावायची, तर काय लावायचं ते आजच ठरायला पायजे." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी बघा. मी आत बसते, पडद्याकडं पाठ करून. मला काय, निवडायला तूर हाय."

एवढं हळू बोलल्या की स्टुलावरच्या व्यंकटीला ते ऐकूही गेलं नाही. पण घरातल्या सगळ्यांनाच मनातून लाज वाटली, ती वाटलीच.

*

अण्णा, म्हणजे सरजाबाईंचे नवरे केरबा, लातूरच्या एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होते. महिन्यातून एका रविवारी सकाळी फिल्म सोसायटीच्या पेट्या यायच्या. बंगाली, मल्याळी, कुठली कुठली रिळं. बघायला आठ-दहा माणसं, त्यातली निम्मी मध्यंतराला उठून जायची. शेवटपर्यंत बघणारा एकच, मशीनच्या खोलीतला. "गर्दीचा पिक्चर गर्दी बघून घेती," ते घरी येऊन सांगत. "ह्याला कोण हाय? आपणच."

पुढं टॉकीज बंद पडली, पण खोड राहिली. दर वर्षी घरच्यांनी दोन संथ पिक्चर बघायचे, वाद घालायचा, आणि मत द्यायचं. रिळाचा एक पत्र्याचा डबा अण्णांनी आणून ठेवला होता, त्याच्या झाकणाला भोक. प्रत्येकानं एक ज्वारीचा आणि एक तुरीचा दाणा मुठीत घ्यायचा, मधल्या खोलीत एकट्यानं जायचं, एक दाणा डब्यात टाकायचा. पहिल्या पिक्चरला तूर, दुसऱ्याला ज्वारी. उरलेला दाणा अंगणात चिमण्यांना. कुणी कुठं टाकला हे बघायचं नाही, विचारायचं नाही, सांगायचं नाही. जिंकला तो पिक्चर किल्लारीच्या अलीकडच्या त्यांच्या गावी, विहाराच्या पटांगणात लागायचा. अण्णा गेल्यावर तो त्यांच्या स्मृतिदिनाला लागू लागला, एवढाच फरक.

या घरात पिक्चरचं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. यंदाचा पहिला होता 'जात्याचा', दुसरा 'फाटकाचा'. आणि जात्याच्या पिक्चरचा सगळा आवाज लुंबिनीनं माइकवर धरला होता.

लुंबिनी सरजाबाईंच्या थोरल्या आनंदराजची धाकटी, आदर्शची बहीण. सव्वीस वर्षांची. तिच्या बॅगेत सरकारी नोकरीची ऑर्डर होती, पंधरा तारखेच्या आत हजर व्हायची. आणि फोनमध्ये दुसऱ्या एका पिक्चरचं बोलावणं होतं, त्याच आठवड्यातलं. आनंदराज नांदेडला पाटबंधारे खात्यात. ती नोकरी लागायला आपण काय काय गिळलं, हे त्यानं पोरांना कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे नोकरी सोडून माइक धरायचा, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. महिन्यापूर्वी तो एकदाचा म्हणाला होता, "अण्णांच्या चादरीवर तुझा पिक्चर लागला, तर मी नोकरीचं नाव काढणार न्हाई. न्हाई लागला, तर गपचूप हजर व्हायचं."

"मान्य," लुंबिनी म्हणाली होती.

तिचं स्वतःचं काम असल्यामुळे तिला मत नव्हतं. आई पार्वती भोकरच्या दवाखान्यात ड्युटीवर. म्हणजे मतं राहिली पाच: आनंदराज, व्यंकटी, महामाया, आदर्श आणि सरजाबाई. त्यातलं पाचवं आता पडद्याआड जाऊन बसलं होतं.

*

मधल्या खोलीत फरशीवर चटई टाकून, दाराच्या पडद्याकडं पाठ करून सरजाबाई बसल्या. मांडीवर सूप, सुपात तूर.

पहिला पिक्चर सुरू झाला. गाणं नाही, बाजा नाही. दूर कोंबडा, मग कडी निघाल्याचा आवाज. त्या क्षणभर थांबल्या. ऐकण्यानं शील मोडतं का? त्यांनी प्रामाणिकपणे विचार करून बघितला. कडी, कोंबडा, बादली, हे काही गाणं-वाजवणं नव्हे. हे तर रोजचंच. त्या तूर निवडत राहिल्या, पण हात हळूहळू मंदावला. कुणीतरी बाई चालत होती. एक पाऊल पूर्ण पडायचं, दुसरं अर्धं. पाळण्याची दोरी करकरत होती. मग जातं सुरू झालं, आणि सरजाबाईंनी मान किंचित वाकडी केली. बराच वेळ ती तशीच राहिली.

बाराच्या आत त्यांनी दोन घास खाल्ले. मग दुसरा पिक्चर लागला. रेल्वे फाटक, घंटी, आणि तिसऱ्याच मिनिटाला व्हायोलिन. सरजाबाई सूप घेऊन उठल्या आणि गच्चीवर गेल्या. व्हायोलिन थांबलं असं वाटून दोनदा खाली आल्या. जिन्यातच ते पुन्हा लागलं, दोनदा परत गेल्या. शेवटी वरच बसून राहिल्या.

*

चारला चर्चा सुरू झाली तेव्हा त्या परत चटईवर होत्या. पडदा मधे, आवाज आरपार.

"मी सांगू का," व्यंकटी म्हणाला, "गाडी येती, फाटक पडतंय. गाडी जाती, फाटक उघडतंय. अडीच तास! ह्याच्यापेक्षा माझ्या दुकानात जास्ती घडतंय."

"काका, तेच तर आहे त्याच्यात," आदर्श सरसावून बसला. "फाटक बंद होणार, खालून भुयारी रस्ता होणार. माणूस मात्र रोज वेळेवर झेंडा धुतो. शेवटच्या दिवशी गाडी जाते आणि तो फाटक उघडतच नाही. रस्त्यावर कुणी नाहीच. केवढी मोठी जागा आहे ती!"

"आणि जात्याच्यात?" व्यंकटीनं विचारलं.

"त्याच्यात..." आदर्शनं बहिणीकडं बघितलं नाही. "फ्रेम सुंदर आहेत. पण मधला अर्धा तास पिक्चरला स्वतःलाच माहीत नाही काय करायचंय ते."

"ऐका!" लुंबिनी हसली, पण हसू मधेच अडलं. "नांदेडहून इथपर्यंत माझ्याच डब्यातल्या पोळ्या खात आलास ना रे दादा?"

"पोळ्या चांगल्या होत्या."

महामाया पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "मला त्या झेंडा धुणाऱ्या माणसाचं लई वाईट वाटलं बाई. आमचे मामा असेच होते, ऑफिस बंद पडलं तरी कुलूप बघायला जायचे. जात्यातली बाई बी चांगली हाय. पण ती काही बोलतच न्हाई."

"काकू, सहा वेळा बोलते," लुंबिनी म्हणाली.

"मोजलं व्हय तू?"

"मोजायचंच काम असतं तिचं," व्यंकटी म्हणाला. "भाऊ, तुमी बोला की. तुमी कवापासून घड्याळाकडं बघून राहिले."

आनंदराजनं खुर्चीत जागा बदलली. "बोलायचं काय. दोन्ही संथ हायेत. साडेसहाची गाडी हाय माझी. मतं टाका."

चौघं एकामागून एक मधल्या खोलीत जाऊन आले. सरजाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, डोळे मिटून. डबा त्यांच्यापासून चार हातांवर, पाटावर. वाकल्याशिवाय दाणा टाकता येत नसे.

आनंदराज सगळ्यात शेवटी आला. वाकताना त्याचा उजवा गुडघा कटकन वाजला. मुठीत दोन दाणे घेऊन तो तसाच थांबला. पिक्चरभर तो घड्याळ बघत होता हे खरं, पण ती दोरी करकरायला लागली तेव्हापासून वेळ काही दिसली नव्हती. लुंबिनी तीन महिन्यांची असताना भोकरच्या भाड्याच्या खोलीत अशीच दोरी होती. पार्वती रात्रपाळीला जायची आणि तो अंधारात ती ओढत बसायचा. हे पोरीनं कुठून आणलं? तिला तर आठवत असणं शक्यच नव्हतं. अट आपण घातली, आता आपणच हरावं, असं त्याला वाटत होतं. पण ते तोंडानं म्हणवत नव्हतं. बरं झालं अण्णा, तुम्ही डबा ठेवला, असं मनात म्हणून त्यानं तूर टाकली आणि समोरच्या पाठमोऱ्या आईकडं एकदा बघून बाहेर गेला.

सरजाबाईंचा अंगठा सुपातल्या एका दाण्यावर थांबला होता. तो पुढं सरकला.

*

व्यंकटीनं डबा उपडा केला. "जवारी दोन. तूर दोन."

लुंबिनी दोन बोटांनी ते चार दाणे एका रेषेत लावत होती. महामायानं नजर चहाच्या कपात ठेवली होती, आदर्शनं लॅपटॉपात.

"काकानं मला दिलं, मला माहीत आहे," लुंबिनी म्हणाली. "काकू नाहीतर दादा, दोघांपैकी एकानं दुसरं. आणि ज्वारीतलं एक, पप्पा, तुमचं."

"विचारायचं नसतं," व्यंकटी म्हणाला.

"विचारत नाही, सांगते. घड्याळाकडं बघत बघत पिक्चर बघितला तुम्ही. कशाला बघितला? ज्वारीच टाकायची होती, तर न बघताच टाकायची. अट घालतानाच ठरलेलं होतं तुमचं."

आनंदराजचा चेहरा लाल झाला. सांगावं, तर अण्णांचा नियम मोडतो. आणि नियम मोडून सांगितलं, तर आपण हरायला निघालो होतो हेही सांगावं लागेल. तो चपला शोधायला लागला. आदर्शच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"लुंबिनी," पडद्याआडून आवाज आला.

सरजाबाई कधीच आवाज चढवत नसत, म्हणून त्या बोलल्या की घर थांबायचं.

"त्या बाईच्या डाव्या पायाला काय झालंय गं?"

"कुठल्या बाईच्या, आजी?"

"पिक्चरातल्या. डावं पाऊल अर्धंच पडतंय तिचं."

चौघं एकमेकांकडं बघायला लागले. त्यांनी दोन तास डोळ्यांनी बघितलं होतं. पाय कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

"मुरगळला होता," लुंबिनी हळू म्हणाली. "शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी. लांबून घेतलं, म्हणून दिसत नाही."

"आन् पाळणा हलतोय, पण लेकरू न्हाई त्याच्यात. भरल्या पाळण्याची दोरी वेगळी बोलती. रिकामा पाळणा हलवती ना ती?"

लुंबिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळणा पडद्यावर एकदाही दिसत नव्हता. नुसता आवाज होता, आणि तो कुणाला कळला की नाही हे तिला आजवर कळलं नव्हतं.

"मग झालं की!" व्यंकटी टाळी वाजवून म्हणाला. "मायचं मत जात्याला. तीन-दोन!"

"न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "दुसरा मी ऐकलाच न्हाई. बाजा वाजायला लागला की गच्चीवर जायची. न ऐकता, न बघता मत टाकलं तर ते खोटं बोलल्यासारखंच हाय. उद्या दिवस उगवला की मी दोन्ही बघते. मग पाची जणांनी पुन्यांदा टाकायचं. आनंदराज, चपला काढ. उद्याची रजा सांग ऑफिसात."

आनंदराजनं चपला काढल्या.

*

सकाळी सूर्य वर आल्यावर सरजाबाईंनी वंदना केली, शील पूर्ण केलं, आणि चादरीसमोर यंदा पहिल्यांदाच मांडी घालून बसल्या. आधी फाटक, मग जातं. मधे एकदाच बोलल्या, फाटकवाला झेंडा धुवायला लागला तेव्हा: "असं पिळलं तर फाटतंय ते."

दोन्ही संपल्यावर त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या. लुंबिनी मागोमाग गेली. विचारायचं नव्हतं, पण पाय ओढून घेऊन गेले.

"बस," सरजाबाई म्हणाल्या. "एक विचारू? रागवू नको. जातं रिकामं होतं ना?"

लुंबिनी खाली बसली. "पीठ उडून लेन्सवर येत होतं. डायरेक्टर म्हणाले, नुसतंच फिरवा, कुणाला कळतंय. मी म्हणायला पाहिजे होतं, आजी. माझ्या कानाला खटकलं होतं. पण माझा पहिलाच पिक्चर. गप बसले."

"दगडावर दगड घासतोय. दाणा असला की जातं जड बोलतं, पोटभरल्यासारखं. मला वाटलं माझ्या कानाचंच काही चुकलं, म्हणून डोळ्यांनी बघायची वाट बघितली." त्यांनी नातीचा हात हातात घेतला. "पाळणा रिकामा, ते खरं वाटलं. जातं रिकामं, ते खोटं वाटलं. मी काय करू, सांग? खोटं न बोलायचं, मुसावादाचं शील रोजचं हाय माझं, पौर्णिमेपुरतं न्हाई."

मत कुठं जाणार ते लुंबिनीला कळलं. बॅगेतली ऑर्डर डोळ्यांसमोर आली. मग तिनं आजीचा हात आपल्या गालाला लावला आणि खाली ठेवला. "तुला वाटतं तसंच कर."

"करते. आन् तू एक कर. काल मी बसले होते ना, तिथं बस. पडद्याकडं पाठ करून."

"का?"

"बस नुसती. कानवाली हायेस ना तू?"

सरजाबाईंनी रात्रभर या गोष्टीचा विचार केला होता. अण्णांचा नियम बघायचं नाही, विचारायचं नाही, सांगायचं नाही एवढाच होता. ऐकायचं नाही, असं ते कधी म्हणाले नव्हते.

*

लुंबिनी चटईवर बसली. आधी तिला काहीच कळेना. मग पावलं आली. बारीक, जोडव्यांची: काकू. पत्र्यावर टिक झालं, इतकं हलकं की श्वास घेतला असता तर निसटलं असतं. ज्वारी. लुंबिनी ताठ बसली.

मग दादा. तो नेहमीसारखा टाचांवर चालत आला, आणि फार वेळ थांबला. टिक. पुन्हा ज्वारी. तिला हसू आलं. पोळ्या चांगल्या होत्या म्हणे! पण लहानपणापासून तिच्याशी पिक्चरबद्दल खोटं न बोलणारा तो एकच होता, हेही खरं.

काका घाईनं आला. टक्, आणि दाणा डब्यात गोल फिरून थांबला. तूर.

मग लुगड्याची सळसळ. आजी वाकली, पुटपुटत काहीतरी म्हणाली, टिक. ज्वारी तीन. पिक्चर पडला. लुंबिनीनं डोळे घट्ट मिटले. आता जो येईल त्याच्या दाण्यानं काहीच बदलणार नव्हतं, आणि येणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

पावलं आली. सावकाश. पाटापाशी थांबली. गुडघा कटकन वाजला.

टक्.

दाणा पत्र्यावर उडाला, गोल गोल फिरला आणि बसला. लुंबिनी हलली नाही. मागं उभ्या माणसाचा श्वास तिला ऐकू येत होता, जरा धाप लागलेला. कालही तो असाच इथं उभा राहून तूर टाकून गेला असणार, आणि बाहेर आल्यावर तिनं त्याला काय काय ऐकवलं होतं.

बाहेर व्यंकटीनं डबा उपडा केला. "जवारी तीन, तूर दोन. फाटक." त्यानं सुस्कारा टाकला. "गावातली माणसं मलाच शिव्या घालणार."

लुंबिनी पडद्यातून बाहेर आली. सगळे तिच्याकडं बघत होते, आनंदराज सोडून. तो चादरीची सुतळी सोडायला लागला होता.

"जातं रिकामं होतं, पप्पा," ती म्हणाली. "आजीनं ओळखलं. बरोबर हरले मी." मग जवळ जाऊन तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं. "काल मी तुम्हाला जे..."

"काल? काल काय बोललीस मला ऐकू आलं न्हाई." सुतळीची गाठ त्याला सुटत नव्हती. "ती ऑर्डर कुठं हाय?"

"बॅगेत."

"राहू दे बॅगेत."

महामायाच्या हातातला कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. आदर्शनं पहिल्यांदाच बहिणीकडं सरळ बघितलं.

"पण अट..." व्यंकटी म्हणाला.

"अट माझी होती, मला कळतंय काय करायचं ते," आनंदराज गाठीकडंच बघत होता. "पुढच्या पिक्चरला मायला सोबत घेऊन जा. मी गावाकडनं पायलीभर जवारी धाडतो. जातं भरून फिरवा. लेन्स पुसायला एक माणूस ठेवा म्हणावं त्यांना."

लुंबिनीनं पुढं होऊन त्याच्या हातातली गाठ घेतली आणि दातानं सोडवली. चादर दोघांच्या मधे सैल पडली, ठिगळासकट.

सरजाबाई सुपातल्या तुरीवरून हात फिरवत होत्या. "येते की," त्या हळूच म्हणाल्या. "पण तारीख धरताना कॅलेंडर बघा म्हणजे झालं."